शेअरिंग अडकलं की अँटिव्हायरस बंद करायचा की नाही?

सातारी_स्टुडिओ

लग्नाचे फोटो काढणं हा माझा धंदा. स्टुडिओ साताऱ्यात, एडिटिंगचा पोरगा कराडला त्याच्या घरी. एका लग्नाचे कच्चे फोटो साठ-सत्तर जीबी सहज होतात. पूर्वी हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून कराडला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे द्यायचो. गेली दोन वर्षं सिंकथिंग वापरतो. माझ्या मशिनवरून त्याच्या मशिनवर फायली थेट जातात, मध्ये कुठे साठवल्या जात नाहीत, आणि फुकट.

मागच्या महिन्यात सिंकथिंगने स्वतःला अपडेट केलं आणि माझ्या सिक्युरिटी सूटने (पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस) ती नवी फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयितांच्या कोठडीत, टाकली. हूं नाही की चूं नाही. तीन दिवस एक फोटो पुढे सरकला नाही. पोराला वाटत होतं मी कार्ड रिकामं केलं नाही, मला वाटत होतं तो कामाला लागलाय. नवरीचे वडील दुकानात येऊन बसले तेव्हा उलगडा झाला. (सूटचं नाव विचारू नका, धागा तिकडेच वाहून जाईल.)

माझं म्हणणं असं, की पैसे भरून ठेवलेला राखणदार घरच्याच माणसाला दारातून हाकलत असेल तर तो हवा कशाला? ते ‘संभाव्य नकोसा प्रोग्रॅम’ असं लेबल असतं ना, ते वाचून तर डोकंच फिरतं. नकोसा कुणाला? मायक्रोसॉफ्टच्या निकषांत कंपन्यांसाठी टॉरंट सॉफ्टवेअर (तेही असंच, लोकांच्या मशिनवरून थेट फायली आणणारं) थेट याच यादीत आहे. आणि विंडोज १० पासून तीच मायक्रोसॉफ्ट स्वतःचे अपडेट एका पीसीवरून दुसऱ्या पीसीवर पोचवते! त्यांनी केलं की ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’, आम्ही केलं की नकोसा प्रोग्रॅम.

तेव्हा ठरवलंय. फायली पाठवायच्या असतील तेव्हा सूट बंद. चुकत असेन तर सांगा.

चिमटा_पक्कड

चुकताय.

माझं कोल्हापुरात रिपेअरिंगचं दुकान आहे. “दहाच मिनिटं बंद केला होता हो” हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. फुकटात उतरवलेल्या गेमच्या फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल असते, तिच्यात पहिलीच सूचना: इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. चोराने दारावर चिठ्ठी लावावी, ‘कुत्रा बांधून ठेवा’, आणि आपण बांधावा, तसं हे.

लेबल काही आकाशातून पडलेलं नाही. कझा हे फायली शेअर करायचं जुनं सॉफ्टवेअर आठवतंय? प्रोग्रॅमसोबत सायडोरसारखं जाहिरातींचं लोढणं गळ्यात यायचं. मार्च २०१५ मध्ये म्यूटॉरंट या टॉरंट सॉफ्टवेअरबरोबर एपिक स्केल नावाचा, लाइटकॉइन हे डिजिटल चलन खणणारा प्रोग्रॅम लोकांच्या मशिनवर सापडला. लोक म्हणाले न विचारता घुसवला, कंपनी म्हणाली संमती घेतली होती. ती संमती कशी घेतात ते आपण जाणतोच, ‘नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट’. अशा धंद्यानंतर सूटवाल्यांनी अख्ख्या जातीवरच संशय घेतला, तर मला त्यात फार नवल वाटत नाही.

कोकम_कढी

सातारीकरांशी शंभर टक्के सहमत. चिमटाराव, एकीकडचाच हिशोब मांडताय.

२००४ मध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि अर्धवट राहिलेली टीसीपी जोडणी (दुसऱ्या मशिनला हाक मारलीय, उत्तर यायचंय अशी) एका वेळी दहाच, असा नियम लागला. हेतू चांगला होता, वर्मने (नेटवरून आपोआप पसरणाऱ्या व्हायरसने) सैरावैरा पसरू नये. पण टॉरंटवाल्यांच्या इव्हेंट लॉगमध्ये ‘मर्यादा गाठली’ सांगणाऱ्या ४२२६ क्रमांकाच्या नोंदींचा पाऊस पडायचा. मग आम्ही नियम उठवायला विंडोजची टीसीपीआयपी डॉट एसवायएस ही फाइल पॅच करायचो आणि अँटिव्हायरस त्या पॅचवर भुंकायचा. विंडोज ७ येईपर्यंत तो नियम गेलासुद्धा. मधली पाच वर्षं आम्ही काय गुन्हेगार होतो?

आणि राखणदाराचे पराक्रम पण सांगा की. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी अँटिव्हायरसच्या एका अपडेटने एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट फाइल व्हायरस ठरवली, मशिनं पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत बसली. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाप्रमाणे ८५ लाख मशिनं निळी पडली, विमानं जमिनीवर राहिली. टॉरंटने कधी विमानतळ बंद पाडलाय?

चिमटा_पक्कड

कढीसाहेब, दवाखान्यात चुकीचं इंजेक्शन दिलं म्हणून लोक आजारी पडल्यावर भोंदूकडे जात नाहीत (काही जातात, ते सोडा).

मार्च २०१६. मॅकवरचं ट्रान्समिशन हे टॉरंट सॉफ्टवेअर, सुटसुटीत, ओपन सोर्स, जाहिराती नाहीत. त्याच्या अधिकृत साइटवरची २.९० ही आवृत्तीच कुणीतरी बदलून ठेवली, आत केरेंजर रॅन्समवेअर. तीन दिवस गप्प बसायचं, मग फायली कुलूपबंद करून एक बिटकॉइन मागायचं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच साइटवर पुन्हा तसाच प्रकार. म्हणजे प्रोग्रॅम सज्जन, साइट खरी, तरी घात झाला. सातारीकर, तुमच्या सिंकथिंगचा अपडेट उद्या असा निघाला तर? सूटला ती फाइल अनोळखी वाटली, तिने थांबवली. न सांगता थांबवली ही चूक, मान्य. पण ‘थांबवलीच का’ ही तक्रार मला मान्य नाही.

रात्रपाळी

तुम्ही दोघं चारित्र्यावर भांडताय, म्हणून थोडं यंत्राबद्दल लिहितो.

निम्म्या वेळा सूटला तुमच्या प्रोग्रॅमबद्दल काही मतच नसतं. दोघांना एकच फाइल एकाच क्षणी हवी असते, एवढंच. टॉरंट फाइल तुकड्या-तुकड्यांनी, उलटसुलट क्रमाने येते आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे ओळखीचा ठसा, जुळवला जातो. अँटिव्हायरसचा फिल्टर ड्रायव्हर विंडोजच्या पोटात बसून प्रत्येक उघडझाप बघतो. त्याने अर्धवट फाइल तपासायला धरून ठेवली, की टॉरंट ओरडतं: ‘दुसरी प्रोसेस ही फाइल वापरत आहे’. डिस्क शंभर टक्के, पंखा गरगर, आणि शिवी नेटला.

याहून मजेशीर प्रकार म्हणजे ९९.७ टक्के. सगळं उतरलं, एक एक्सई (प्रोग्रॅमची फाइल) राहिली. ती पूर्ण झाली की अँटिव्हायरस उचलतो. टॉरंट पुन्हा तपासणी करतं, तुकडा गायब दिसतो, पुन्हा मागवतं. पुन्हा पूर्ण, पुन्हा उचल. माझ्या रूममेटचं हे दोन रात्री चाललं होतं आणि तो म्हणत होता, “सीडरच (फाइल देणारे) नाहीत रे.”

तेव्हा बंद-चालू हा प्रश्नच नाही. क्यूबिटटॉरंट या टॉरंट सॉफ्टवेअरमध्ये अपूर्ण फायलींना वेगळा फोल्डर देता येतो. फक्त तो फोल्डर अँटिव्हायरसच्या अपवादात टाका, म्हणजे तो तिथे तपासणार नाही. फाइल पूर्ण होऊन दुसरीकडे सरकली की तिथे ती तपासली जाईल.

सातारीकरांची केस वेगळी आहे, त्यांचा प्रोग्रॅमच उचलला गेलाय. निदान डिफेंडर या विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये तरी ‘प्रोसेस’ म्हणून अपवाद दिला, तर ती प्रोसेस ज्या फायली उघडते त्या तपासणीतून वगळल्या जातात, खुद्द ती एक्सई नाही. इथे बरेच जण फसतात. अपवाद टाकला म्हणून निश्चिंत, आणि पुढच्या अपडेटला पुन्हा तेच.

ठाण्याची_मावशी

मी सीएच्या ऑफिसात आहे, आमच्याकडे टॉरंट सोडा, पेन ड्राइव्हसुद्धा चालत नाही. तंत्र मला कळत नाही, पण एक विचारू? सातारी, ते साठ जीबी फोटो तुमचे आहेत का? नवरीचे आहेत ना? हळदीचे, ओल्या केसांचे, घरातल्या बायकांचे. तुमच्या खासगी मशिनवर तुम्ही काय बंद करता त्याच्याशी मला देणंघेणं नाही. पण दुसऱ्याच्या घरातलं सामान सांभाळायला घेतलंय, तर ‘माझं मशिन, माझी मर्जी’ म्हणता येणार नाही.

सातारी_स्टुडिओ

मावशी, हे लागलं. पण मग तीन दिवस अल्बम अडकला तेव्हा नवरीच्या वडिलांसमोर सूटवाले उभे राहिले नाहीत, मी उभा होतो.

@रात्रपाळी, प्रोसेसचा अपवाद मीही टाकला होता. आत्ता कळलं उपयोग का झाला नाही. मग एक्सईच अपवादात टाकू का?

रात्रपाळी

टाकता येईल, पण मग त्या जागी त्या नावाने जे काही येऊन बसेल तेही बिनतपासणीचं. चिमटारावांची केरेंजरची भीती नेमकी तिथे खरी आहे. त्यापेक्षा सिंकथिंगचं ऑटो-अपडेट बंद करा. महिन्यातून एकदा, काम नसेल त्या दिवशी, स्वतः अधिकृत जागेवरून उतरवा, चेकसम (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) जुळवा, आणि उचललीच तर समोर बसून परवानगी द्या. लग्नाच्या सीझनमध्ये अपडेट नको.

आणि वेग कमी वाटतो म्हणून फायरवॉल पाडू नका कुणी. राउटरच्या पानावर वॅन पत्ता, म्हणजे बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता, बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुमच्या नेटवाल्याने अनेक घरांना मिळून एकच पत्ता दिलाय. बाहेरून येणारी जोडणी तिथेच अडते. घरचा दरवाजा उघडा टाकून काही होत नाही, फाटक गल्लीच्या तोंडाला आहे.

कोकम_कढी

हे मला गेल्या वर्षी सांगितलं असतंत तर दोन राउटर वाचले असते.

सातारी_स्टुडिओ

ऑटो-अपडेट बंद केलं. कामाचा एकच फोल्डर अपवादात, तोही फक्त फोटोंचा. पोराला सांगितलंय, रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फायलींचा आकडा टाक. काल माझ्याकडे ३,१४२, त्याच्याकडे ३,१४२. सूट चालू आहे. पण मुदत संपली की पुन्हा पैसे भरीन असं वाटत नाही, विंडोजच्या डिफेंडरवर भागवीन. न बोलता काम बिघडवणारा माणूस मी दुकानात ठेवत नाही, सॉफ्टवेअर का ठेवू?

चिमटा_पक्कड

डिफेंडरला माझी ना नाही. फक्त काढताना नीट काढा. कंट्रोल पॅनेलमधून काढल्यावरही कधीकधी नेटवर्कचे फिल्टर मागे राहतात आणि मग नेटच बंद पडतं. बहुतेक कंपन्यांचं वेगळं रिमूव्हल टूल असतं, ते आधीच उतरवून ठेवा, नेट गेल्यावर उतरवता येत नाही. आणि मे महिन्यात मला फोन करू नका, तुमच्यासारखाच माझाही सीझन असतो.