सांगलीत राहून रिवॉर्डवाल्या क्रेडिट कार्डातून हाताला नेमकं काय लागतं?

कृष्णाकाठची

ऑफिसातल्या एकानं डबा खाताना मोबाईल पुढे धरला. कार्डाच्या पॉइंटवर गोव्याचं विमान, म्हणे फुकट. तेव्हापासून मीही 'सगळ्यात जास्त रिवॉर्ड देणारं कार्ड' शोधत होते. परवा रविवारी शेवटी वही काढली आणि आमच्या विश्रामबागेतल्या घराचा महिन्याचा खर्च मांडला.

किराणा ९,०००. दूध-भाजी ५,५००. पेट्रोल ३,५००. लाईट बिल, मोबाईल, गॅस ४,०००. शाळेची फी महिन्याला काढली तर ५,०००. विम्याचे हप्ते ४,०००. मिरजेचे डॉक्टर आणि औषधं (सासूबाईंची शुगर) ३,०००. ऑनलाइन ४,०००. कपडे, हॉटेल, अडलंनडलं ४,०००. बेरीज ४२,०००.

मग कार्डांच्या अटी वाचल्या. ज्या बारीक अक्षरांवरून आपण बोट सर्रकन खाली सरकवतो, त्याच. मी पाहिलेल्या बहुतेक कार्डांवर पेट्रोल, विमा, बिलं आणि शाळेची फी यांवर पॉइंट नाहीत, किंवा असून नसल्यासारखे. गेले १६,५००. किराणा आणि दूध-भाजी आमच्याकडे रोख नाहीतर यूपीआय. गेले १४,५००. उरले ११,०००. त्यातल्या ४,००० ऑनलाइनवर ५ टक्के म्हणजे २०० रुपये, बाकी ७,००० वर १ टक्का म्हणजे ७०. महिन्याला २७०, वर्षाला ३,२४०. त्यातून कार्डाची फी ९९९ आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७९ वजा. हातात २,०६१ रुपये.

दिवसाला साडेपाच रुपये! एवढ्यासाठी ड्यू डेट, म्हणजे बिल भरायची शेवटची तारीख, डोक्यात घेऊन फिरायचं? माझं मत, ही कार्डं पुण्या-मुंबईच्या खर्चाकडे बघून शिवलेली आहेत, आपल्या अंगावर ती ढगळच बसणार. पटत नसेल त्यांनी भांडावं, पण आकडे घेऊन.

हिशेबनीस

भांडतो.

ताई, तुमची बेरीज बरोबर आहे, मांडणी चुकली आहे. पहिली गोष्ट, ९९९ वाल्या कार्डांची फी बहुधा वर्षाला २ लाख खर्च केला की माफ होते. दुसरी, फी नसलेली कार्डं आहेत. ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कायमचं फुकट आहे, ॲमेझॉनवर प्राइम असेल तर ५ टक्के, नसेल तर ३, बाहेर १. तुमचे ऑनलाइनचे ४,००० कुठे जातात ते बघा म्हणजे झालं.

तिसरी गोष्ट मोठी. किराणा आणि दूध-भाजी तुम्ही शून्यात धरलीत. २०२२ पासून रुपे (व्हिसा-मास्टरकार्डसारखंच, पण भारतातलं) क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. दुकानातला तोच क्यूआर, तोच पिन, पैसे मात्र खात्यातून न जाता कार्डावरून जातात. १४,५०० वर १ टक्का धरला तरी १४५ वाढले. २७० आणि १४५ मिळून ४१५, वर्षाचे ४,९८०, फी शून्य. दिवाळीचा रवा-बेसन-तेल-तूप त्यात येतं की. शिवाय ४५ दिवसांपर्यंत बिनव्याजी पैसा वापरायला मिळतो तो वेगळाच.

भडंगप्रेमी

लाउंज राहिलं. कार्ड विकायला आलेल्या पोरानं मला सांगितलं, "सर, वर्षातून आठ वेळा एअरपोर्ट लाउंज फ्री." म्हटलं, बाळा, सांगलीत विमानतळ कुठाय? आधी कोल्हापूरच्या विमानतळासाठी उजळाईवाडी गाठायची नाहीतर पुणे, तेही वर्षातून आठ वेळा, कशासाठी तर फुकटच्या उपम्यासाठी. तेवढ्या डिझेलमध्ये अख्ख्या गल्लीला नाश्ता होईल.

कृष्णाकाठची

हिशेबनीस, फीचं मान्य. पण रुपेचं तुम्ही करून बघितलंय का आपल्याकडे? शेजारणीकडे तसं कार्ड आहे, तिच्या मोबाईलवर काल बघितलं. दूधवाल्याचा क्यूआर त्याच्या स्वतःच्या बचत खात्याचा. स्कॅन केला की कार्डाचा पर्याय फिकट होतो, दाबलाच जात नाही. भाजीवाल्या मावशींचा क्यूआर त्यांच्या मुलाच्या नावावर, तिथेही तेच. दुकान म्हणून नोंदलेल्या क्यूआरवरच ते चालतं, माणसाच्या नावावर नाही. म्हणजे तुमच्या १४५ मधले ५५ इथेच गळाले. किराणा दुकानात मात्र चाललं.

गणपतीपेठेतला

किराणा दुकानात चाललं, पण किराणावाल्याला काय झालं ते विचारा की.

रुपे क्रेडिटवरून यूपीआयनं २ हजारांपर्यंतचं बिल आलं तर आमच्यासारख्या छोट्या दुकानदाराचं काही कापत नाहीत. त्यावर गेलं की कापतात, माझ्याकडे दोन टक्क्यांच्या आसपास. गिऱ्हाईक महिन्याचा बाजार एकदम भरतं. ९ हजारांचं बिल, माझे १८० गेले. साखरेच्या ५० किलोच्या पोत्यावर मला काय सुटतं ते पेठेत कुणालाही विचारा. तुम्हाला जे ९० रुपये 'रिवॉर्ड' म्हणून मिळतात, ते बँकेच्या तिजोरीतून आलेत असं वाटतं का? माझ्या गल्ल्यातून जातात, मधल्यांनी आपापला वाटा काढला की उरलेलं तुमच्याकडे येतं.

हिशेबनीस

शेठ, राग समजतो. पण कार्ड दिल्यावर गिऱ्हाइकाकडून वर दोन टक्के मागणं मशीनच्या करारात बसत नाही, हेही लोकांना कळू द्या. हरभट रोडवर परवा मला एकानं तसे मागितले. पावतीत लिहा म्हटलं, तर हसायला लागला.

गणपतीपेठेतला

मी वर मागत नाही. मी खाली देतो. रोख किंवा साधं यूपीआय केलंत तर तेलाच्या १५ किलोच्या डब्यामागे २० रुपये कमी, बासमतीच्या कट्ट्यामागे वेगळे. ही सवलत आजोबांपासून चालत आली आहे, तिच्यासाठी कुठलं ॲप लागत नाही आणि तिची मुदतही संपत नाही. तुमच्या १ टक्क्याशी ताडून बघा एकदा.

भडंगप्रेमी

मुदतीवरून आठवलं. माझ्या कार्डावर ६,८४० पॉइंट साठले होते. मी मनात ६,८४० रुपये धरून बायकोला मिक्सर कबूल करून बसलो. प्रत्यक्षात एक पॉइंट पंचवीस पैशांचा. झाले १,७१०. ते घ्यायला गेलो तर 'रिडेम्प्शन फी', म्हणजे पॉइंट वटवायची फी, ९९ अधिक जीएसटी, म्हणजे ११७ वजा. मिक्सर आला, पण वरची भर खिशातून. 'शंभराला ४ पॉइंट' ऐकायला झोकदार वाटतं, ते १ टक्काच असतं. पॉइंट किती, हे विचारूच नका. एका पॉइंटचे पैसे किती आणि ते थेट बिलातून वळते होतात की कॅटलॉगमधला प्रेशर कुकरच घ्यावा लागतो, ते विचारा. माझ्या मते सरळ कॅशबॅक बरा, निदान शंभराला किती मिळाले ते कळतं.

वाळव्याचा_ऊस

तुमचं समदं पगारदारांचं चाललंय. आमच्याकडं पैसा वर्षातनं दोनदा येतो. ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल द्यायचं असा कायदा हाय, पण कायद्याला कॅलेंडर कळतं, कारखान्याला कळतंच असं न्हाय. आणि हे कार्ड म्हणतं दर महिन्याच्या १८ तारखेला भर. कुठनं भरू? खताच्या दुकानातलं बिल जूनमधलं, पैसा येणार फेब्रुवारीत.

आमचं कार्ड म्हंजे किसान क्रेडिट कार्ड. ३ लाखापर्यंतचं पीककर्ज येळेत फेडलं तर आपल्या राज्यात शून्य टक्का. त्याच्याम्होरं तुमचा एक टक्का कॅशबॅक काय लावून बसलाय राव!

हिशेबनीस

हे बाकी खरं. ज्याचं उत्पन्न महिन्याचं नाही त्यानं महिन्याच्या बिलात अडकू नये. पण भाऊ, पीककर्जाच्या पैशातून पोराचा मोबाईल घेऊ नका म्हणजे मिळवलं.

वाळव्याचा_ऊस

घेतलाय. बोलू नका त्यावर.

पोवईनाका

साताऱ्याहून लिहितोय. इथे सगळे १ टक्का, ५ टक्के मोजताहेत. माझा आकडा ऐका.

२०२१ मध्ये कार्ड घेतलं, रिवॉर्डसाठीच. बहिणीच्या लग्नात थोडं वर-खाली झालं आणि थकबाकी ४८,००० वर गेली. स्टेटमेंटवर दोन आकडे असतात, एक 'टोटल ड्यू', एक 'मिनिमम ड्यू'. मिनिमम ५ टक्के, म्हणजे २,४००. मी ते भरत राहिलो आणि समजत होतो, हप्ता चाललाय. व्याज महिन्याला ३.५ टक्के, म्हणजे १,६८०. व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३०२. झाले १,९८२. माझ्या २,४०० मधून मुद्दलात जात होते ४१८ रुपये! वर थकबाकी असताना नवीन काही घेतलं की त्याला बिनव्याजी मुदत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज. चौदा महिने असे काढले. शेवटी आईनं पतसंस्थेतली ठेव मोडली तेव्हा सुटलो.

त्या चौदा महिन्यांतही पॉइंट जमा झाल्याचे मेसेज येतच होते, 'अभिनंदन' लिहून.

हिशेबनीस

वाईट वाटलं. पण हा दोष कार्डाचा नाही, शिस्तीचा आहे. सुरीनं बोट कापलं म्हणून कुणी भाजी चिरायची सोडत नाही. खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप कापायची सूचना देऊन ठेवायची, विषय संपला.

पोवईनाका

सुरी विकणारा घरी येऊन "मोठी सुरी घ्या, लिमिट वाढवून देतो" म्हणत नाही. मला लागोपाठ तीन फोन आले होते, थकबाकी चालू असताना. आणि आपोआप कापण्याचं म्हणाल, तर ज्या दिवशी कापायचे त्या दिवशी खात्यात पैसे हवेत ना? आमच्या पाहुण्यांत एक जिल्हा परिषदेचे गुरुजी आहेत, त्यांचा पगार कधी १ ला, कधी १० ला. शिस्त पगाराच्या तारखेवर असते, साहेब.

अटीशर्ती

दोन कामाच्या गोष्टी सांगतो, मग भांडा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बिलाचं चक्र निदान एकदा बदलून मागता येतं. गुरुजींना सांगा, ड्यू डेट महिनाअखेरीकडे ढकलून घ्या. दुसरं, थकबाकी नसताना कार्ड बंद करायला सांगितलं तर ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेनं ग्राहकाला द्यायचे. एवढं नुसतं फोनवर म्हटलं तरी पलीकडचा 'सर' म्हणायला लागतो. कार्ड मोडीत काढता येत नाही ही भीती धरून कुणी अडकून राहू नका.

आणि हो, कार्डानं एटीएममधून रोख काढू नका. तिथं बिनव्याजी दिवस नसतात आणि काढल्याची फी वेगळी.

कृष्णाकाठची

एवढं सगळं वाचून पुन्हा वही काढली. हिशेबनीसांचे ४,९८०, त्यातले दूध-भाजीचे ६६० गेले, राहिले ४,३२०. किराण्याचा १ टक्का म्हणजे वर्षाचे १,०८०. पण आम्हाला महिन्याला तेलाचा एक डबा आणि तांदळाचा कट्टा लागतो. शेठ म्हणतात ती सवलत रोखीवर घेतली तर डब्याचेच २४० सुटले, तांदळाचे वेगळे. म्हणजे किराण्याला कार्ड लावून फार काही उरत नाही, वर माणूस दुखावतो तो निराळा. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीला महिनाभर उधारीवर सामान एका दुकानदारानंच दिलं होतं, तेव्हा कुणी सिबिल स्कोअर (कर्ज वेळेत फेडता का याचे गुण) विचारला नव्हता.

ठरवलंय असं: कायमचं फुकट एक कार्ड, ऑनलाइन आणि मिरजेच्या औषधांपुरतं. लिमिट बँक देईल तेवढं नाही, मी मागेन तेवढं, २५ हजार. फीवालं, लाउंजवालं नको.

हिशेबनीस

लिमिट इतकं कमी ठेवू नका. २५ मधले १५ वापरलेत की स्कोअरवर परिणाम होतो, लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत वापर असलेला बरा. आणि रुपे कार्ड घ्याच, किराण्याचे १,०८० तुम्ही भावनेपायी सोडताय.

पोवईनाका

लिमिट कमीच ठेवा ताई. स्कोअर पुन्हा वाढतो.

गणपतीपेठेतला

हिशेबनीस, तुमचं रुपे घेऊनच या दुकानात. फक्त यादी २ हजारांच्या आतली आणा, दर आठवड्याला एक. तुम्हाला पॉइंट, मला कापाकापी नाही. पिशवी घरून आणा, पिशवीचे पैसे मी रोखच घेतो.