पलंगाखाली खोके, पण पावसाळ्याचं काय?

कपाटं कमी असतील तर पुठ्ठ्याचे खोके पलंगाखाली सरकवा, हा सल्ला पुण्यात चालेल. आमच्या गोव्यातल्या फोंड्यात जून ते सप्टेंबर नाही. मी एकदा तशा खोक्यात रेशमी साड्या ठेवल्या होत्या. चवथीला (गणेश चतुर्थीला) काढल्या तर घड्यांवर पांढरी बुरशी आणि खोक्याच्या तळाला वाळवी. पुठ्ठा तेव्हापासून घरात बंद.

आता आईची पत्र्याची ट्रंक चार विटांवर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली आहे. वर गादी टाकली की पाहुण्यांना बसायला जागा. आत जादा चादरी, आणि कोपऱ्यात भोकं पाडलेल्या डब्यात कळीचा चुना. ओल तो ओढून घेतो. डबा मात्र अर्धाच भरा, चुना फुगतो (आमचं झाकण उडालं होतं!).

आणखी एक. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात ती, लाकडी चौकट चवथीनंतर उतरवून ठेवायची कुठे, हा दरवर्षीचा प्रश्न. आम्ही ती छतालाच राहू देतो आणि वर सुपं, रोवळ्या, रिकाम्या पिशव्या ठेवतो. जड काही नाही. शेजारीण म्हणते, शोभत नाही. नाही तर नाही!