सोलापुरात लेकीला गरवायला शिकवायचंय, पण इथलं पाणी कळत नाही

चिवल्याचा_पोर

नमस्कार मंडळी. मी मालवणचा, चिवल्याच्या किनाऱ्याजवळ घर. गेली १९ वर्षं सोलापुरात आहे, चादरीच्या एका कारखान्यात हिशेब लिहितो. मुलगी पाचवीत. दिवाळीत गावी गेलो तेव्हा तिला माळ्यावर आजोबांची गरी सापडली. फळकुटाला गुंडाळलेला तंगूस (गळाचा दोरा), शिशाचा गोळा, गंजलेला गळ. तेव्हापासून एकच धोशा, "बाबा, मला गरवायला शिकव." गरवणं म्हणजे आमच्याकडे गळ टाकून मासे धरणं.

म्हणून गेले तीन रविवार तिला घेऊन हिप्परग्याच्या तलावावर जातोय. पहाटे ५.३० ला घर सोडतो, ती स्वेटर-कानटोपी घालून स्कूटरवर मागे बसते. तिन्ही वेळा रिकाम्या हातानं परत. एकदा कणिक लावली, दोनदा बाजारातली कोळंबी. ती तक्रार करत नाही, पण येताना वाटभर गप्प असते. ते मला बघवत नाही.

मासा धरणं मला नवीन नाही. बाबा रापणीत होते. होडी जाळं सोडत सोडत अर्धा वळसा घालून किनाऱ्याला यायची, मग दोन टोकांच्या दोरांना दोन रांगा लागायच्या. शाळेच्या आधी आम्ही पोरंही ओढायला जायचो. जाळं जवळ आलं की आधी पाणी गढूळ व्हायचं, मग बांगडे-पेडवे उसळायला लागायचे, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज. ज्यानं दोर ओढला त्याला वाटा. माझा वाटा ओंजळभर पेडव्यांचा, पण तो माझा असायचा. आईच्या हातात देताना मी कमावता असल्यासारखा उभा राहायचो.

रापण नसेल तेव्हा बाबा कोळंबच्या खाडीवर गरवायला न्यायचे. काठी नाही, पाण्यावर तरंगणारं बुच नाही. तंगूस तर्जनीवरून सोडायचा आणि बसून राहायचं. "बोटार लक्ष ठेव, मासो सांगतलो." काळुंदर टोचून टोचून खातो, तांबोशी हिसडा देते, गोबरा आमिष घेऊन दगडात शिरतो. हे सगळं बोटाला कळायचं. बाबांच्या बोटावर तंगुसानं पडलेली खाच होती, तांदळाचा दाणा बसेल एवढी. आणि वेळ ठरवायची ती तिथीच्या पाऊणपटीनं. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. आम्ही त्याआधी तासभर जाऊन बसायचो. आजही कॅलेंडर बघितलं की आत्ता चिवल्यावर पाणी कुठवर असेल ते मी इथे बसून सांगतो.

हिप्परग्याला यातलं काहीच लागू पडत नाही. पाणी चढत नाही, उतरत नाही, मग वेळ कोणती धरायची? आमिष काय लावायचं? गळ टाकायला कुणाची परवानगी लागते का? जाणकारांनी सांगा.

भीमाकाठ

दादा, आम्ही भोई, माढा तालुक्यातले. आज्जा भीमेत जाळं टाकायचा, उजनीचं पाणी आल्यापासून वडील धरणात. तुमचं सगळं वाचलं. खाडीचं शिकलेलं तुम्ही तळ्यावर लावताय, म्हणून अडतंय.

पहाटे जाऊ नका. जानेवारीत रात्रीतून काठाचं पाणी गार पडतं, चिलापी (तिलापिया मासा) खोलात जाऊन गप राहते. ऊन लागून काठ कोमट झाला की वर येते. १० ते १ धरा. पोरीची झोपही होईल.

गळ बदला. खाडीतल्या तांबोशीचा गळ चिलापीच्या तोंडात मावायचा नाही. दुकानात सगळ्यात बारीक मागा. तो शिशाचा गोळा घरीच ठेवा, ज्वारीच्या दोन दाण्यांएवढं शिसं बास. इथं बुच लागतं. चिलापी एवढी हळू चोखते की बोटाला कळत नाही. बुच विकत घेऊ नका, कडब्याची वाळलेली कांडी बोटभर तोडा, साल काढून आतला भेंड वापरा. आमिषाला गांडूळ, नखाएवढा तुकडा, गळाचं टोक झाकेल असा. कणिक रोहूला बरी, पण रोहू तुम्हाला काठावर इतक्यात भेटायचा नाही.

आणि पाणी चढत-उतरत नाही म्हणता, ते तेवढं मला पटलं नाही. आमच्याकडं वर्षाला एक भरती, एक ओहोटी. पावसाळ्यात धरण भरतं, उन्हाळ्यात उतरत जातं. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातनं वर आलं की आम्ही समजतो पाणी कुठवर गेलं. आज्ज्याला तर आणखी खालचं माहीत होतं, धरणाच्या आधीचं पात्र, डोह कुठं, खडक कुठं. तो सांगायचा, वडील त्या अंदाजानं जाळं लावायचे. वाम, शिंगाळा, मरळ तिथंच मिळायची. मी त्यातलं निम्मंच शिकलो, याचं वाईट वाटतं. म्हणून एवढं लिहितोय.

पाणी मागं सरलेल्या कोरड्या काठावर ताटाएवढे गोल खड्डे दिसले तर पोरीला दाखवा. चिलापीच्या नरानं तोंडानं माती उकरून केलेले असतात. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लं झाल्यावर तीसुद्धा भ्यायली की तिच्या तोंडात शिरतात.

परवानगीचं म्हणाल तर अशा पाण्यांचा ठेका बहुतेक मच्छीमार सोसायटीकडं असतो. बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं. काठावर कुणी जाळेवाला दिसला की आधी त्याला विचारा. एका पोरीच्या गळाला कुणी नाही म्हणायचा नाही, पण विचारणं आपलं काम.

सात_रस्ता

एक जोडतो. हिप्परग्याचा हा एकरूख तलाव १८७१ चा, आदिला नदी अडवून केलेला. लहान मूल बरोबर आहे तर बांधाच्या बाजूला बसू नका, तिथं पाणी खोल. उथळ काठ बघा, आणि गाळात पाय घालू देऊ नका.

देवगडची_माहेरवाशीण

दादा, मुलीला शिकवताय हे वाचून फार बरं वाटलं. मी देवगडची, लग्नानंतर सोलापुरात. माझे तिन्ही भाऊ गरवायला जायचे, मला कुणी नेलं नाही. मी आईबरोबर लिलावाला जायची. कल्ला उघडून लाल आहे का बघायचं, बोट दाबून मांस वर येतं का बघायचं, हे मी सातव्या वर्षी शिकले. त्याच्या जोरावर आज इथे बर्फातली सुरमई घेताना मला कुणी फसवत नाही. पण पाण्यातला मासा मी कधी हातानं ओढला नाही, आणि ते अजून मनात आहे.

तलाव ठीकच आहे, पण मे महिन्यात तिला खाडीवर न्याच. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत, त्याआधी जा म्हणजे बंदरही बघता येईल. तिथीची पाऊणपट तिलाच करू द्या. पाचवीतल्या मुलीला अपूर्णांक येतात.

चिलापी मिळाली तर मीठ-हळद चोळून अर्धा तास ठेवा आणि धुऊन टाका, गाळाचा वास जातो. आगळ (कोकमाचा रस) असेल घरात तर उत्तमच.

चिवल्याचा_पोर

सगळ्यांचे आभार. आज सांगितल्याप्रमाणे १० वाजता गेलो. काठावर एक आजोबा जाळं विणत बसले होते, त्यांना विचारलं. त्यांनी नातवाला हाक मारली, त्यानं ओल्या मातीतून गांडुळं काढून दिली.

सव्वाअकराच्या सुमाराला बुच हललं. बुडालं नाही, नुसतं बाजूला सरकत गेलं. मी ओढ म्हणणार तोवर लेकीनंच ओढलं. तळहाताएवढी चिलापी. तिनं ती दोन्ही हातांनी धरली, काटा टोचला तरी सोडली नाही. एकपर्यंत तीन झाल्या. खड्डेही दिसले, एकात तिनं स्वतः बसून बघितलं.

निघताना तिनं तिघींतली मोठी त्या मुलाच्या हातावर ठेवली. गांडुळं त्यानं काढली म्हणून त्याचा वाटा, असं मला म्हणाली. रापणीचं मी तिला कधीतरी झोपताना सांगितलं होतं, तेवढंच.

ताई, आगळ होतं, कढी केली. मेचं तिकीट काढतोय.

भीमाकाठ, एक विचारायचं राहिलं. कांडीचं बुच दोन तासांत पाणी पिऊन जड झालं. त्याला काही लावता का तुम्ही? मेण चालेल?