शेततळ्यात मोरचूद टाकलं, शेवाळ गेलं, मासेही गेले

बागायतदार

राम राम मंडळी. चांदवड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ३० × ३० × ३ मीटरचं शेततळं, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. उन्हाळ्यात पाण्याने तळ गाठला, डबक्यात मागच्या वर्षीचे तीस-चाळीस कटला-रोहू तेवढे राहिले. यंदा निव्वळ पावसाने निम्मं भरलं, म्हणून १५०० बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडली. मत्स्यबीज देणारा म्हणाला, खत टाका, पाण्यातच खाद्य तयार होतं. डीएपीची अख्खी गोणी टाकली.

तीन आठवड्यांत पाणी पालकाच्या रसासारखं. ठिबकचा फिल्टर दिवसातून चारदा धुवायची पाळी आली. बोर्डोसाठी, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीसाठी, आणलेलं मोरचूद (तांब्याचा क्षार, कॉपर सल्फेट) घरात होतंच, सोमवारी सकाळी पाच किलो विरघळवून टाकलं. संध्याकाळपासूनच बोटुकली काठाला लागायला लागली. बुधवारपर्यंत हिरवा रंग गेला, पाणी तपकिरी झालं. गुरुवारी पहाटे मोठे मासे तोंड वर काढून होते, उजाडेपर्यंत वीस उलटे. मोरचूद भेसळीचं होतं का? दुकानदार म्हणतो, एवढ्या पाण्यात पाच किलो म्हणजे काहीच नाही.

शिवारातून

आमच्याकडे दर साल टाकतो, एक मासा मेला नाही. विहिरीचं पाणी आहे आमचं. माल डुप्लिकेट असणार.

तळ्यावरचा मास्तर

बागायतदार, माल अस्सल होता, म्हणूनच मेले.

आधी एक सांगा, बोर्डो करताना विळ्याचं पातं बुडवून बघता ना? पात्यावर तांबूस चढलं की अजून चुना घालता. का? सुटं तांबं राहिलं तर पानं करपतात. पानाला जे, तेच माशाच्या कल्ल्यांना. कल्ल्यांतून मासा पाण्यातलं मीठ ओढून घेतो, सुटं तांबं तिथेच चिकटतं आणि ते काम बंद पाडतं. कल्ल्यांवर शेंबडासारखा थर येतो. तळ्यातला चुना म्हणजे पाण्याची अल्कता. चाचणीच्या पट्टीवर ‘अल्कलिनिटी’ लिहिलेलं असतं. ती भरपूर असली की बरंचसं तांबं बांधलं जातं. ‘शिवारातून’ यांचे मासे विहिरीने वाचवले, मोरचुदाच्या ब्रँडने नाही. तुमचं पाणी आभाळातलं, शिवाय तळाला प्लास्टिक. मातीचा स्पर्शही नाही, मग चुना येणार कुठून?

आता हिशेब. तुमच्या मापाचं तळं काठोकाठ भरलं तर २१९६ घनमीटर. निम्म्या खोलीला मात्र निम्मं नसतं, बाजू उतरत्या असतात. दीड मीटर पाणी म्हणजे पावणेदहा लाख लिटरच्या आसपास. पाच किलो टाकलंत म्हणजे लिटरला पाच मिलिग्रॅमहून जास्त. मत्स्यपालनातला नियम असा, की अल्कतेला १०० ने भागायचं, येईल तितके मिलिग्रॅम मोरचूद लिटरला. अल्कता ५० च्या खाली असेल तर हातच लावायचा नाही.

पण तुमचे मासे दोन वेगवेगळ्या कारणांनी मेले, आणि ते तुमच्याच लिहिण्यात आहे. बोटुकली सोमवारीच गेली, ती तांब्याने. मोठे गुरुवारी पहाटे गेले, ते गुदमरून. मेलेलं शेवाळ कुजायला लागलं, कुजवणाऱ्या जिवाणूंनी प्राणवायू खाल्ला, आणि रात्री नवा बनवायला शेवाळच शिल्लक नव्हतं की उजेड नव्हता. प्राणवायू कमी पडला की बहुधा मोठा मासा आधी जातो, तोही उजाडायच्या सुमारास. मासे कधी मेले आणि कोणते मेले, एवढं नीट विचारलं तरी निम्मं उत्तर मिळतं. मी हे शिकलो ते स्वतःचं तळं मारून. तेव्हा मीही दुकानदारालाच शिव्या घातल्या होत्या.

मूळ पाप डीएपीचं. गोणीवर स्फुरद ४६ टक्के लिहिलेलं असतं ते ऑक्साइडच्या हिशेबाने; शुद्ध फॉस्फरस धरला तर ५० किलोत १० किलो. शेवाळाच्या सर्वसाधारण घडणीत एका ग्रॅम फॉस्फरसमागे शंभरेक ग्रॅम सुकं शेवाळ होतं. म्हणजे गोणीभर डीएपीत हजार किलोंहून जास्त सुकं शेवाळ दडलेलं! सगळं उगवत नाही, पण बियाणं तुम्हीच पेरलंत. कॅनडात १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांनी २२६ नंबरचं एक तळं पडदा टाकून मधोमध विभागलं. कार्बन आणि नत्र दोन्हीकडे, स्फुरद एकाच बाजूला. काही आठवड्यांत तीच बाजू हिरवी झाली.

आणि मोरचुदाने स्फुरद कुठे जातं? कुठेच नाही. शेवाळ मेलं की ते परत पाण्यात. शिवाय शेवाळ खाणाऱ्या बारीक पाणपिसवा तांब्याला माशांहून नाजूक, त्या आधीच मेल्या. पंधरा दिवसांत परत हिरवं दिसलं तर नवल नको.

आता करायचं ते: मेलेले मासे आजच काढा. उरलेल्यांसाठी रात्री दोननंतर पंपाने पाणी उंच उडवून तळ्यातच पाडा. विहिरीचं पाणी असेल तर थोडं थोडं सोडा. तळ्याचं पाणी हळूहळू बागेला द्या, त्यातलं स्फुरद वेलीला चालेल. गाळ मात्र बागेत पसरू नका, बोर्डोने तिथे तांबं आधीच साठलेलं असतं.

गोठ्यातून

मास्तर, आमच्या गाई असल्याच तळ्यावर पितात. शेवाळ मेलंय, आता पाणी पाजायला हरकत नाही ना?

तळ्यावरचा मास्तर

ताई, उलट आत्ताच जपा. काही निळ्या-हिरव्या शेवाळांच्या पेशींत विष असतं, पेशी फुटली की ते पाण्यात उतरतं. ऑस्ट्रेलियात पाम बेटावर १९७९ मध्ये धरणातल्या शेवाळावर मोरचूद मारलं. थोड्याच दिवसांत १४८ माणसं आजारी पडली, त्यांत १३८ लहान मुलं. आधी यकृताची साथ वाटली होती. पृष्ठभागावर हिरव्या ऑइलपेंटसारखी साय दिसत असेल, किंवा नुकतीच मारली असेल, तर दुसऱ्या हौदातलं पाजा.

बागायतदार

मास्तर, पट्टी आणली. अल्कता ४०. दुकानदाराला दाखवली, तो म्हणाला हे पाणी मोजायचं असतं हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बावीस मासे पुरले. काल रात्री पंप लावला, पहाटे साडेचारला बॅटरी घेऊन पाहिलं, कटला चार-पाच दिसले, खालीच फिरत होते. विहीर शेजाऱ्याची आहे, दोन तास पाणी द्यायला तयार झालाय, वीजबिल माझं.

एक विचारायचं राहिलं. उरलेलं मोरचूद सात किलो आहे, ते ऑक्टोबर छाटणीपर्यंत गोणीत राहील का? ओल लागलीय थोडी.

तळ्यावरचा मास्तर

राहील. लोखंडी डब्यात तेवढं ठेवू नका.