मोत्यांचे शिंपले समुद्रातून काढायची जुनी साधनं कोणती होती?

दांडियाबाजारकर (वडोदरा)
नमस्कार मंडळी. आमचे पणजोबा मांडवीतल्या जवेऱ्यांकडे मोती ओवायचं काम करत. त्यांच्या पेटीत पितळेच्या लहान वाट्या सापडल्या. एकात एक बसणाऱ्या, तळाला भोकं, प्रत्येकीची भोकं वेगळ्या मापाची. आत्या म्हणते, बसऱ्याचे मोती यातून चाळत. बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या मोत्यांच्या गालिच्याबद्दल लहानपणापासून ऐकतोय, पण ते मोती तळातून वर कसे आले हे घरात कुणालाच सांगता येत नाही. जाळं टाकत की बुडी मारत? हत्यारं काय असत?

निवृत्त_प्राणिशास्त्र (वडोदरा)
आत्या बरोबर सांगतात, त्या चाळण्याच आहेत. मोत्यांची पहिली निवड आकारावर होई, म्हणून भोकांची मापं चढती. कृपा करून त्या घासूनपुसून चकचकीत करू नका, भोकांच्या कडा झिजतील.

आता मोत्यांचं. नाव बसऱ्याचं, पण मोती इराणच्या आखातातले, बहारीन-कुवेतकडच्या तळावरचे. जाळं नाही, बुडीच. हंगाम मे-जून ते सप्टेंबर. प्रत्येक पाणबुड्यामागे नावेवर दोर धरणारा एक माणूस. पाणबुड्याच्या नाकाला चिमटा, कासवाच्या पाठीचा किंवा हाडाचा. अरबीत त्याला फिताम म्हणतात. बोटांवर चामड्याच्या टोप्या, कारण शिंपल्यांच्या कडा हात फाडतात. जेलीफिश चावू नये म्हणून काही जण अंगभर सुती कपडा घालत. एका दोराला जड दगड. त्याच्या फासात पाय अडकवून सरळ खाली जायचं. तळाला टेकलं की पाय सोडवायचा, वरचा माणूस दगड ओढून घेई. गळ्यात दोरीची विणलेली जाळीदार टोपली. मिनीट-दीड मिनिटात हाताने जितके शिंपले उपटता येतील तितके टोपलीत भरायचे आणि दोराला हिसका द्यायचा. वरच्याचं लक्ष क्षणभर चुकलं तर खालचा गेला. म्हणून मला त्या दोर धरणाऱ्याबद्दल फार आदर वाटतो. त्याचं नाव कुठल्याच दागिन्याशी जोडलं जात नाही.

हे सगळं साहित्य नीट पाहा. शिंपला पकडायला यात एकही वस्तू नाही. दगड उतरण्यातला श्वास वाचवतो, दोर चढण्यातला, चिमटा नाकातलं पाणी थोपवतो. पलीकडे भारत-श्रीलंकेमधल्या मन्नारच्या आखातात दगड आणि दोर होतेच, पण अनेक तमिळ पाणबुडे नाक बोटांनी दाबत.

गालिचा साधारण 1865 चा, त्यात 15 लाखांच्या आसपास बारीक मोती आहेत. बहुतेक शिंपले रिकामेच निघतात, तेव्हा किती बुड्या लागल्या असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

ओहोटी_जामनगर
आमच्याकडे बुडी लागतच नव्हती! कच्छच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला खडकाळ पट्टे उघडे पडतात, स्थानिक लोक त्यांना खड्डा म्हणतात. तिथे चालत जाऊन हाताने शिंपले गोळा करत.

निवृत्त_प्राणिशास्त्र (वडोदरा)
अगदी बरोबर, दादा. आणि हे बडोद्याच्या लोकांनी विसरू नये असं आहे, कारण कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं ओखामंडळ आपल्याच संस्थानाचं होतं. सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी प्राण्यांच्या अभ्यासकाकडून तिथल्या समुद्राची पाहणी करून घेतली. अहवालाचा पहिला भाग 1909 साली, दुसरा 1916 साली निघाला. उथळ चिखलात राहणारा काचेसारखा पातळ शिंपलाही तिकडे मिळे. गोव्यात जुन्या खिडक्यांना तावदानं म्हणून बसवत तोच. त्यातले कणाएवढे मोती औषधाला जात.

रत्नागिरीची_सून (मांजलपूर)
काका, माहेरी आम्ही खाण्याची कालवं काढायचो, तीही ओहोटीलाच. बायका लोखंडाचं टोकदार हत्यार घेऊन खडकावर बसत. वरची कवची फोडायची, मांस वाटीत काढायचं; खालची कवची खडकालाच चिकटलेली राहते. यंत्राने का काढत नाहीत असं आमची मुलं विचारतात.

निवृत्त_प्राणिशास्त्र (वडोदरा)
ताई, मुलांना अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराबद्दल सांगा. तिथे आधी लांब दांड्यांचे दाताळी चिमटे होते, कात्रीसारखे जोडलेले. होडीत उभं राहून तळ चाचपायचा आणि मूठमूठ वर ओढायचं. मग लोखंडी चौकटीचं, दातांचं आणि मागे साखळ्यांची पिशवी असलेलं घसरं आलं. 1865 साली मेरीलँडने शिडाच्या होड्यांना ते वापरायची परवानगी दिली. होडी पुढे जाते तसं ते तळ खरवडत जातं. 1880 च्या दशकात तिथलं उत्पादन शिखरावर पोचलं आणि नंतर घसरत गेलं. कारण कालवाची पिल्लं जुन्या कवचांवरच बसतात. कवचांचा थर उपसला की पुढच्या पिढीला जागाच उरत नाही. तुमच्याकडच्या बायका खालची कवची खडकावर ठेवतात, तिच्यावर नवीन पिल्लं बसायला वाव राहतो.