मदत हवी आहे: दोन सर्व्हेंच्या लेव्हल जुळवायच्या कशा?

राम राम मंडळी. आमच्याकडे दारव्हा तालुक्यात एका पाझर तलावातला गाळ काढला. खोदण्याआधीचे पॉइंट टोटल स्टेशनचे (कोन-अंतर मोजणारं यंत्र), आरएल म्हणजे उंची सांडव्याच्या भिंतीवरल्या लाल खुणेवरून. नंतरचे डीजीपीएसचे (उपग्रहांवरून जागा-उंची काढणारं यंत्र). दोन्ही सीएसव्ही (पॉइंटच्या यादीच्या फाइली) क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या तर फरक सरसकट साठ मीटरच्या वर! एवढं खोदलं असतं तर पाताळच लागलं असतं. डीजीपीएसची उंची इलिप्सॉइडवरची (पृथ्वीचा गणिती, गुळगुळीत आकार), आरएल समुद्रसपाटीपासूनची, हे कळतं. लाल खूण डीजीपीएसनेही घेतली आहे. तिथला फरक सगळ्या पॉइंटना लावला तर एवढ्याशा तलावासाठी चालेल ना?

खरी अडचण पुढंच आहे. दोन्ही वेळचे पॉइंट एका जागी नाहीत. पहिल्या सेटचा टिन (पॉइंट जोडून केलेलं त्रिकोणांचं जाळं) करून त्यावरून दुसऱ्या सेटच्या जागची उंची काढू, की दोन्हींचे सरफेस करून वजाबाकी करू? काठाला पॉइंट विरळ आहेत, तिथं टिन लांबलचक त्रिकोण मारतो आणि ज्या धुऱ्याला कोणी हातही लावला नाही तिथं खोदाई दाखवतो. शिवाय पहिला सर्व्हे भर उन्हाळ्यातला, काळी माती भेगाळलेली. दुसरा पहिल्या पावसानंतरचा, माती फुगलेली. दोन-चार सेंटीमीटरचा फरक मोजायचा की सोडायचा? जेसीबीवाल्याचं बिल घनमीटरवर आहे, म्हणून विचारतो.