आईचं तोंड सारखं कोरडं पडतंय – लाळ कमी झालीय का, घरी कसं तपासावं?

सायली_क: आई ६८ वर्षांची. दोन महिने झाले, रात्री पाण्यासाठी तीन-चारदा उठते, कोरडा घास उतरत नाही. "वयाचं आहे" म्हणून डॉक्टरांकडे यायला तयार नाही. काहीही विकत न आणता तपासता येईल का?

उनाडवारा: कृत्रिम लाळेचा स्प्रे घ्या. महाग आहे, पण मी वर्षभर वापरतोय. रात्र निभावते.

मनवा: अहो, त्यांना विकत काही नकोय, आणि विचारलीय ती तपासणी. कोरडं बिस्कीट पाण्याशिवाय खायला द्या. गिळता आलं नाही की कळलं.

दातवाली: या वयात बिस्कीट नको, ठसका लागेल. आम्ही छोटा आरसा गालाला आतून लावतो. तो चिकटला, किंवा जिभेखाली लाळ साचलेलीच दिसली नाही, तर शंका घ्यायची. घरी मोजायचं तर आधी तासभर खाणं, पिणं, ब्रश काही नको. मान खाली घालून १५ मिनिटं न गिळता लाळ वाटीत गळू द्यायची, मग औषधाच्या मापाने मोजायची. १.५ मिलि किंवा त्याहून कमी भरली, तर लाळ खरंच कमी आहे.

काटेकोर: त्यापेक्षा सॅक्सन चाचणी! गॉज दोन मिनिटं चघळायचा, आधी-नंतर वजन करायचं. २ ग्रॅमच्या आत वाढ म्हणजे लाळ कमी. मी खास काटा मागवला. माझी ३.१ भरली.

दातवाली: ती चघळतानाची लाळ. रात्री सुटते ती वेगळी. शिवाय कवळी असेल तर चघळणं अवघड.

उनाडवारा: वयाने होतंच हे. स्प्रे बघा.

निशिगंध: "वयाने होतंच" ऐकून माझी तीन वर्षं गेली. डोळ्यांतही वाळू गेल्यासारखं खुपायचं, पण ते कुणी विचारलंच नाही. शेवटी स्यॉग्रेन निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो आजार. सायली, डोळ्यांचं विचाराच.

मनवा: आरशाला +१.

दातवाली: आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत? ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही तोंड सुकतं. परस्पर बंद मात्र करू नका. साखरेचीही तपासणी करून घ्या.

सायली_क: सगळ्यांचे आभार. वाटीचं नाव काढताच आई रडकुंडीला आली, आरशालाही नको म्हणाली. आता घरी काहीच तपासत नाही. पण गोळ्यांचा डबा उघडला, तर ॲलर्जीची रोजची गोळी दोन महिन्यांपूर्वीच सुरू झालेली. "गोळीचं विचारायला जाऊ" म्हटल्यावर लगेच हो म्हणाली. सोमवारी जातोय, डबा घेऊनच. डोळे खुपतात, हेही आजच कळलं.